मेयोतले शेतकरी पणजोबा शोधताय? आधी जमीन धरा

प्रश्न लांबलचक होता म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचा नवरा बॉस्टनचा, त्याचे पणजोबा पॅट्रिक वॉल्श साधारण १८८३ ला विशीत असताना आयर्लंडच्या मेयो काउंटीतून अमेरिकेत आले, वडील शेतकरी होते एवढंच घरात माहीत आहे, आणि एक जुना फोटो आहे ज्याच्या मागे शाईनं "कॅरो..." असं काहीतरी लिहिलंय, पुढचं पुसलंय. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांना मूळ गाव दाखवायचंय. ताई दोन महिने एका पैसे भरायच्या साइटवर नाव टाकून शोधतायत आणि शेकड्यानी पॅट्रिक वॉल्श निघतायत, त्यातला आपला कुठला?

ताई, पहिलं काम, ते नावाचं सर्च बंद करा. मी आयर्लंडमधल्या गॉलवेत राहते आणि गेली चौदा वर्षं लोकांची अशी शेतकरी घराणी शोधून देते. माझं पहिलंच मोठं काम वॉल्शच होतं बरं का, आणि मी पाच महिने चुकीच्या वॉल्शच्या मागे होते. नाव जुळत होतं, बापाचं नाव जुळत होतं, वय जुळत होतं, मी खुशीत वंशवृक्ष करून दिला, त्या लोकांनी फ्रेम करून भिंतीवर लावला, आणि मग जमिनीचे कागद काढल्यावर कळलं की हे घर वेगळंच, आपलं घर तिथून तीन मैलांवर. फ्रेम उतरवायला सांगणं काय असतं ते मला विचारा.

असं होतं का, तर तिकडे मुलांची नावं ठेवायची पद्धत ठरलेली. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेणार, दुसरा आईच्या बापाचं, पहिली मुलगी आईच्या आईचं, दुसरी बापाच्या आईचं. दर घरात अगदी असंच झालं असं नाही पण बऱ्याच घरात झालं. आता आजोबा जॉन, त्याला चार मुलगे, चौघांची लग्नं झाली, चौघांनी पहिल्या मुलाचं नाव जॉन ठेवलं, म्हणजे एकाच वाडीत एकाच वयाचे चार जॉन वॉल्श, आणि प्रत्येकाला एक धाकटा भाऊ पॅट्रिक. कॉम्प्युटरला ते कसे वेगळे करता येणार? पण ह्या चौघांच्या जमिनी वेगळ्या होत्या. माणूस अमेरिकेला गेला, जमीन गेली नाही. म्हणून नावाऐवजी गट नंबर धरायचा. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार बघून जसं कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेलं ते कळतं ना, अगदी तसेच कागद तिकडे आहेत, आणि त्यातले बरेचसे फुकट आहेत.

ह्यासाठी एक शब्द पाठ करा: टाउनलँड. नावात टाउन असलं तरी शहराशी काही संबंध नाही. आयर्लंडमधलं जमिनीचं सगळ्यात लहान नाव असलेलं एकक, म्हणजे आपली वाडी किंवा शिवार म्हणा. अख्ख्या बेटावर ६१ हजारांच्या आसपास टाउनलँड आहेत. त्यांच्यावर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरोनी, मग काउंटी. शिवाय कॅथलिक पॅरिश म्हणजे चर्चचा विभाग, तो वेगळाच, त्याच्या हद्दी सिव्हिल पॅरिशशी जुळतीलच असं नाही, आणि जन्ममृत्यूची नोंद होते ती पुअर लॉ युनियन म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागाप्रमाणे, ती तर काउंटीची हद्दही मानत नाही. गोंधळ वाटेल पण टाउनलँड मिळाला की बाकीचं सगळं आपोआप मिळतं. लॉगइनम नावाची सरकारी साइट आहे, तिथं नाव टाकलं की कुठली पॅरिश, कुठली बॅरोनी, आयरिशमध्ये मूळ नाव काय, सगळं येतं.

आणि तुमच्या फोटोमागचं ते "कॅरो" म्हणजे सोनं आहे हो, पण जरा त्रासदायक सोनं. आयरिश भाषेत केहरू म्हणजे चौथा हिस्सा, जमिनीचा चतकोर. त्यावरून इंग्रजीत कॅरो झालं. मेयोत कॅरोनं सुरू होणाऱ्या टाउनलँडचा पाऊस आहे. कॅरोमोर म्हणजे मोठा चतकोर, कॅरोबेग म्हणजे छोटा, कॅरोकील म्हणजे अरुंद, आणि एकट्या कॅरोमोर नावाच्याच कितीतरी जागा आहेत. तरी सगळ्या मेयोपेक्षा ही यादी कितीतरी लहान झाली की नाही?

आता आयर्लंडकडे धावायच्या आधी अमेरिकेतलं काम संपवा, दहातले आठ लोक हे करत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये लग्नाच्या आणि मृत्यूच्या सरकारी नोंदीत आईबापांची नावं असतात, ती काढा, आईचं माहेरचं आडनाव मिळालं तर निम्मं काम झालं कारण वॉल्श ढिगानं असले तरी वॉल्शनं अमुक आडनावाच्या बाईशी केलेली लग्नं मोजकी निघतात. नागरिकत्वाचे कागद १९०६ च्या आधीचे असतील तर त्यात बहुतेक वेळा नुसतं "आयर्लंड" लिहिलेलं असतं, त्याची फार आशा धरू नका. चर्चमधली लग्नाची नोंद मात्र बघा, एखादा पाद्री मूळ पॅरिश लिहून ठेवतो. बॉस्टन पायलट नावाच्या कॅथलिक पेपरात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, "अमक्या काउंटीच्या अमक्या पॅरिशमधला माझा भाऊ, शेवटचं ऐकलं तेव्हा रेल्वेवर कामाला होता" अशा धर्तीच्या, त्यांचा डेटाबेस बॉस्टन कॉलेजनं केलाय, फुकट आहे. त्यात पणजोबा नसतील पण त्यांचा मामा असू शकतो.

आणि पणजोबांनाच चिकटून बसू नका. हे लोक एकटे कधीच आले नाहीत, एकानं दुसऱ्याचं तिकीट काढायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. त्यांची बहीण, चुलतभाऊ, नंतर आलेला पुतण्या, सगळ्यांचे कागद काढा. १९०७ पासून अमेरिकेच्या जहाजांच्या यादीत "मायदेशातल्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता" असा रकाना होता. पुतण्या १९१० ला आला असेल तर त्यानं तिथं बापाचा टाउनलँड सांगितलेला असतो, कारकुनानं तो कानाला ऐकू आला तसा लिहिलेला असतो. मोठ्यांदा वाचा, स्पेलिंग विसरा. आडनावाचंही तसंच, बरेच जण वॉल्शला वेल्श म्हणायचे म्हणून अमेरिकेत ते वेल्श किंवा वेल्च झालेले सापडतात. आडनावाचा अर्थच मुळात वेल्समधून आलेला माणूस असा आहे, आयरिशमध्ये त्याचं रूप पार वेगळं, ब्रानख. १९११ च्या जनगणनेत काही घरांनी हट्टानं आयरिशमध्ये फॉर्म भरलाय, तिथं वॉल्श शोधून सापडणार नाही.

मग आयर्लंड. इथं सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी की "सगळे रेकॉर्ड जळाले". अर्धं खरं आहे. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स ह्या न्यायालयांच्या इमारतीत यादवी युद्धाच्या लढाईत स्फोट आणि आग झाली, त्यात शेजारचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस गेलं, १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंड ह्या प्रोटेस्टंट चर्चची निम्म्याच्या आसपास रजिस्टरं गेली. १८६१ आणि १८७१ ची जनगणना मात्र आगीत गेली नाही, ती सरकारनं स्वतःच आधी नष्ट केली होती, आणि १८८१ न् १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्याला गेली. म्हणजे आग नसती लागली तरी तुमच्या पणजोबांच्या लहानपणीची जनगणना नव्हतीच. पण तुमचे लोक कॅथलिक असणार, आणि कॅथलिक रजिस्टरं गावच्या चर्चमध्येच होती, आणि जमीन मूल्यांकनाचे कागद वेगळ्या ऑफिसात होते, ते वाचले. गरीब शेतकऱ्याचं नाव नेमकं ह्याच दोन जागी असतं.

पणजोबा १८८३ ला विशीतले म्हणजे जन्म १८६३ च्या आगेमागे. आयर्लंडमध्ये सगळ्यांची जन्मनोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. त्यांचा जन्म कदाचित थोडक्यात हुकला असेल, हरकत नाही, धाकट्या भावंडांचा बघा. आयरिश जीनिऑलॉजी ही सरकारी साइट फुकट आहे आणि मूळ पानाचा फोटो दिसतो, त्यात बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा आणि टाउनलँड असतो. तारीख मात्र जशीच्या तशी घेऊ नका, उशिरा नोंद केली तर दंड होता म्हणून लोक जन्मतारीख बिनधास्त पुढे ढकलून सांगायचे, मग बाप्तिस्मा जन्माच्या तीन आठवडे आधी झालेला दिसतो आणि नवीन माणूस डोकं धरून बसतो. धंद्याच्या रकान्यात फार्मर आणि लेबरर हा फरक बघा. हर्ड असं लिहिलं असेल तर तो दुसऱ्याची गुरं राखणारा माणूस, त्याला राहायला घर मिळायचं पण ती जमीन त्याची नसायची, ह्याचा पुढे उपयोग होईल.

बाप्तिस्म्याची कॅथलिक रजिस्टरं नॅशनल लायब्ररीनं २०१५ ला ऑनलाइन टाकलीत, साधारण १८८० पर्यंतची, तीही फुकट. पानं धूसर, शाई पसरलेली आणि नावं बरीचशी लॅटिनमध्ये. जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मुस, जॉनचा जोआनेस. मेयोत बऱ्याच पॅरिशची रजिस्टरं उशिरा सुरू होतात, काहींची तर १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतर, त्यामुळे १८३० च्या मागे काही मिळालं नाही तर तुमचं चुकतंय असं समजू नका. बाप्तिस्म्यात धर्ममातापित्यांची नावं असतात ती वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, ते बहुतेक काका, मावशी किंवा शेजारी असतात, आणि चार जॉन वॉल्श वेगळे करायला मला तरी नावापेक्षा हे लोक जास्त उपयोगी पडलेत.

आता मागून पुढे न येता पुढून मागे जायचं. म्हणजे पणजोबा गेले तरी घर कोणीतरी चालवलंच असेल, दुष्काळानंतर शेत सहसा सगळ्यात वाटलं जायचं नाही, एक मुलगा शेतावर राहणार आणि बाकीचे बोटीवर. तो राहिलेला भाऊ १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत असतो, ह्या दोन पूर्ण शिल्लक आहेत आणि नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट आहेत. १९११ च्या फॉर्मवर लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली जिवंत किती, हेही विचारलंय. एखाद्या म्हातारीच्या पुढे "झाली ११, जिवंत ६" असं दिसतं तेव्हा पान लगेच उलटवत नाही. वयावर विश्वास ठेवू नका, १९०१ ला ५६ असलेला माणूस १९११ ला ७२ चा झालेला असतो, कारण मध्ये जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली!

त्या जनगणनेचा दुसरा फॉर्म लोक उघडतच नाहीत, बी वन. त्यात घराच्या भिंती कसल्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, समोर खिडक्या किती, खोल्या किती, आणि शेवटच्या रकान्यात घर कोणाच्या जमिनीवर आहे त्याचं नाव. नाव घरमालकाचंच असेल तर तो शेतकरी, दुसऱ्याचं असेल तर मजूर. बी टू मध्ये गोठा, डुकरांचं खुराडं, कोंबड्यांचं घर, धान्याचं कोठार ह्यांची मोजणी. सासूबाईंना द्यायला ह्याच्यासारखं काही नाही, दोन खिडक्यांचं गवती छपराचं घर आणि मागे एक गोठा, एवढं कळलं तरी माणसं रडतात.

आता मुख्य गोष्ट. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन. सर रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ मध्ये अख्ख्या देशातल्या जमिनी आणि घरांचं मूल्यांकन छापलं गेलं, मेयोचं १८५० च्या दशकाच्या मध्यातलं. गरिबांसाठीचा कर कोणावर किती बसवायचा हे ठरवायला ते केलं होतं. आस्क अबाउट आयर्लंड ह्या साइटवर नावानं आणि जागेनं शोधता येतं, तुम्ही जागेनं शोधा. पान उघडलं की डावीकडे नंबर, समजा ७, आणि त्याला जोडून बारीक ए, म्हणजे गट सात आणि त्यावरचं घर. मग ज्याच्या ताब्यात आहे त्याचं नाव. मग ज्याच्याकडून कसायला घेतली त्याचं नाव, तो प्रत्येक वेळी मोठा जमीनदारच असेल असं नाही, मधला माणूसही असतो. मग वर्णन, "घर, ऑफिस आणि जमीन". हे ऑफिस वाचून मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच की आमचे पणजोबा वकील होते का. नाही हो. ऑफिस म्हणजे गोठा, खोपट, आउटहाउस.

पुढे क्षेत्रफळ तीन आकड्यात, एकर, रूड, पर्च. आपल्या लोकांना हे इतरांपेक्षा सोपं आहे कारण ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एकर, म्हणजे एक रूड बरोबर १० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे ४ पर्च. ११-२-२० असं दिसलं की ११ एकर २५ गुंठे. त्याच्यापुढे किंमत पौंड शिलिंगमध्ये, जमिनीची वेगळी, घराची वेगळी. ती बाजारभावाची किंमत नाही, वर्षाला भाडं किती यावं त्याचा अंदाज आहे. आणि तिथं ४ पौंडांचा आकडा फार महत्त्वाचा. ४ पौंड किंवा त्याच्या आत मूल्यांकन असलं तर त्या जमिनीचा कर कुळानं न भरता जमीनदारानं भरायचा होता. म्हणजे दुष्काळात, कर वाढत असताना, छोटं कूळ ठेवणं हे जमीनदाराच्या खिशाला भोक. त्यात जून १८४७ च्या कायद्यात कलम आलं की पाव एकरापेक्षा जास्त जमीन ताब्यात असणाऱ्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे १० गुंठे. भाकरी हवी तर जमीन सोडा, असा सरळ हिशोब. १८४१ ला आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती ती १८५१ ला ६५ लाखांवर आली. मायकेल डेव्हिट, ज्यानं पुढे लँड लीग ही कुळांची संघटना उभी केली, तो ह्याच मेयोतल्या स्ट्रेडचा, १८४६ चा जन्म, चार वर्षांचा असताना त्याच्या घरच्यांना हुसकून लावलं. आणि बॉयकॉट हा शब्द आपण रोज वापरतो तो ज्याच्या नावावरून आला, कुळांनी ज्याच्याशी संबंध तोडले, तो कॅप्टन बॉयकॉट मेयोतच लॉर्ड अर्नच्या इस्टेटीचा एजंट होता, १८८० ची गोष्ट. तुमचे पणजोबा तेव्हा सतरा अठरा वर्षांचे, तीनच वर्षांनी बोटीत. हे सांगायचं कारण, ग्रिफिथ्समध्ये १८५६ च्या आसपास तुमचे वॉल्श दिसले तर ते दुष्काळातून टिकलेले लोक आहेत, आणि दिसले नाहीत तर त्यांच्याकडे जमीन नव्हती किंवा ते अजून दुसऱ्या टाउनलँडला होते.

एकाच टाउनलँडमध्ये तीन जॉन वॉल्श असतील तर नावापुढे कंसात बापाचं नाव किंवा टोपणनाव असतं. एकाच्या पुढे मायकेल, एकाच्या पुढे रुआ म्हणजे तांबड्या केसांचा, एकाच्या पुढे बॉन म्हणजे गोरा. आपल्याकडे वरल्या आळीचे आणि खालच्या आळीचे असतात तसंच हे. कंसातलं कधीच गाळू नका, इंडेक्स बनवणारे गाळतात.

मग ह्या गट सातला धरून पुढे यायचं, आणि त्यासाठी जी वही आहे ती माझी सगळ्यात आवडती. ग्रिफिथ्सनंतर व्हॅल्युएशन ऑफिसचा माणूस ठरावीक काळानं फेरी मारायचा आणि बदल त्याच छापील पानाच्या नकलेवर हातानं करायचा. त्यांना कॅन्सल्ड बुक्स म्हणतात, आपल्या फेरफाराची वहीच. जुनं नाव खोडायचं, वर नवीन लिहायचं, उजवीकडे समासात वर्ष. प्रत्येक फेरीला शाईचा रंग वेगळा, म्हणून काळापांढरा फोटो अजिबात घेऊ नका, रंगीतच मागवा. एक पान माझ्यासमोर आत्ता उघडं आहे, मेयोतल्या स्विनफर्डच्या बाजूच्या एका टाउनलँडचं. गट ७. खाली काळ्या शाईत पहिलं नाव. त्यावर लाल रेघ, वर "रेप्स ऑफ" आणि तेच नाव, म्हणजे माणूस मेला, जमीन अजून कोणाच्या नावावर झाली नाही. मग हिरव्या शाईत एका बाईचं नाव, ती विधवा. मग १९०९ ला निळ्या शाईत मुलाचं नाव. तुम्ही म्हणाल १९०९ ला आई गेली असेल, पण ती १९११ च्या जनगणनेत चुलीजवळ बसलेली आहे. काय झालं असेल? पेन्शन. पेन्शन मालमत्ता बघून मिळायची, जमीन मुलाच्या नावावर केली की म्हातारीला पैसे सुरू, १९०९ च्या आसपास असे बदल खूप दिसतात. शेवटी त्या पानावर एक शिक्का, एल ए पी, म्हणजे लँड अॅक्टखाली विकत घेतली, आणि मालकाच्या रकान्यात जमीनदाराचं नाव खोडून "इन फी". म्हणजे कूळ मालक झालं. विंडॅमचा १९०३ चा कायदा, सरकारनं कर्ज दिलं आणि कुळांनी वर्षानुवर्षं हप्ते भरून फेडलं. तो शिक्का बघताना आपल्या कूळकायद्याची आठवण येतेच.

दोन खड्डे ह्या वहीत आहेत. पहिला, समासातलं वर्ष म्हणजे घटना घडली ते वर्ष नाही, ऑफिसच्या माणसाला कळलं ते वर्ष, माणूस १८६९ ला मेला असेल आणि नाव १८७१ ला खोडलं असेल. दुसरा ह्याहून वाईट. एका कुटुंबात १८५७ पासून १९०९ पर्यंत बावन्न वर्षं एकच जॉन, एकही खोडाखोड नाही, मला वाटलं काय दणकट माणूस. नंतर मृत्यूच्या नोंदीत कळलं की बाप मेला, मुलाचं नावही जॉनच, ऑफिसच्या माणसाला बदल करायचं कारणच दिसलं नाही. म्हणून वही आणि मृत्यूनोंद शेजारी शेजारी ठेवूनच वाचायची. मेयोच्या वह्या डब्लिनला टाल्चे एरन ह्या ऑफिसकडे आहेत, २०२३ ला व्हॅल्युएशन ऑफिस त्यात विलीन झालं, पैसे भरून प्रती मिळतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींच्या मात्र बेलफास्टच्या प्रोनी ह्या सरकारी दप्तरखान्यानं ऑनलाइन फुकट ठेवल्यात, तुमच्या कामाच्या नाहीत पण बाकीच्यांसाठी सांगितलं.

मेयोत अजून एक भानगड आहे. तिथं रनडेल म्हणून पद्धत होती, बरेच जण मिळून एक जमीन घ्यायचे, प्रत्येकाला चांगल्या वाईट मातीचे तुकडे, घरं सगळी एका घोळक्यात. ग्रिफिथ्समध्ये अशा वेळी पाच सहा नावं एका महिरपी कंसात आणि क्षेत्रफळ एकत्र दिसतं. पुढे १८९१ ला स्थापन झालेल्या कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डानं, म्हणजे दाटीवाटीच्या गरीब भागांसाठीच्या सरकारी मंडळानं, इस्टेटी विकत घेऊन ह्या जमिनींच्या सरळ पट्ट्या पाडल्या आणि घरंही हलवली. १८९९ ला त्यांनी डिलन इस्टेट घेतली, मेयो आणि रोसकॉमनमधली ९० हजार एकरांच्या वरची. तुमचं टाउनलँड त्यात निघालं तर १९०० नंतर गट नंबर अचानक बदललेले दिसतील, घाबरू नका, जमीन तीच, पट्ट्या नव्या. आणि आस्क अबाउट आयर्लंडवर जो नकाशा दिसतो तो बऱ्याचदा छापील पुस्तकापेक्षा नंतरचा असतो, त्यामुळे नकाशातला ७ आणि पुस्तकातला ७ जुळतोय का ते शेजारच्या चार गटांवरून तपासा. नाहीतर सासूबाई भलत्याच्या शेतात उभ्या राहून फोटो काढतील, मी असं होताना बघितलंय.

ग्रिफिथ्सच्या मागे टाइथ अॅप्लॉटमेंट बुक्स, १८२३ ते १८३७. चर्च ऑफ आयर्लंडला द्यायच्या कराची यादी, कॅथलिकांनाही भरायला लागायचा म्हणून तुमचे लोक त्यात असू शकतात. फक्त शेतजमीनवाले, मजूर नाहीत, आणि बऱ्याच जागी एकाचं नाव "आणि भागीदार". क्षेत्रफळ बहुतेक आयरिश एकरात, तो आपल्या एकराच्या १.६२ पट. म्हणजे टाइथमध्ये ७ एकर आणि ग्रिफिथ्समध्ये ११ एकर १४ गुंठे दिसले तर कोणी जमीन वाढवली नाही, माप बदललं. हे न कळल्यामुळे लोक बरोबर सापडलेलं घर सोडून देतात.

त्याच्याही मागे, खरं सांगू का, छोट्या कॅथलिक कुळाचं फार काही मिळत नाही. रजिस्ट्री ऑफ डीड्स म्हणजे दस्त नोंदवायचं ऑफिस १७०८ पासून आहे, लोक मोठ्या आशेनं तिथं जातात, पण कॅथलिकांना अठराव्या शतकात बरीच वर्षं जमीन विकत घ्यायला बंदी, ३१ वर्षांपेक्षा लांब भाडेपट्टा घ्यायला बंदी, आणि दहा एकरवाल्याचा तोंडी करार कोण नोंदवणार. त्यापेक्षा जमीनदार कोण होता ते ग्रिफिथ्सवरून काढा आणि त्याच्या इस्टेटीचे कागद कुठे आहेत ते बघा, खंडाच्या वह्या मिळाल्या तर त्यात कुळांची नावं असतात. गॉलवे विद्यापीठाचा लँडेड इस्टेट्स डेटाबेस कॉनाक्ट (मेयो ह्याच प्रांतात) आणि मन्स्टर ह्या प्रांतांसाठी चांगला आहे. १७९६ ला फ्लॅक्स म्हणजे अळशीचं पीक वाढावं म्हणून पेरणाऱ्यांना चरखे बक्षीस दिले त्याची यादी आहे, सुमारे ६० हजार नावं, मेयोची बरीच, पण त्यात नाव आणि पॅरिश एवढंच. आपला आहे म्हणून सांगता येत नाही, मी अहवालात लिहिते "असू शकतो" आणि सोडून देते.

पेटी सेशन्स म्हणजे खालच्या कोर्टाची रजिस्टरं, तेवढी मात्र बघाच. मोठा गुन्हा नसतो हो. गाढव रस्त्यावर मोकळं सोडलं, कुत्र्याचं लायसन काढलं नाही, शेजाऱ्याच्या ओट्समध्ये गाय घुसली. पण प्रत्येक नोंदीत टाउनलँड लिहिलेला असतो आणि कोण कोणाशी भांडत होतं ते कळतं, आणि भांडणं शेजाऱ्यांशीच होतात, म्हणजे परत गट नंबरच की. डुकास ह्या साइटवर १९३७ ते १९३९ मध्ये शाळेच्या मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेल्या गोष्टी आहेत, टाउनलँड सापडल्यावर त्याच्या जवळची शाळा तिथं बघा.

सासूबाईंना ते दुकानातलं वॉल्श घराण्याचं चिन्ह असलेलं शील्ड घेऊन देऊ नका. असं चिन्ह एखाद्या माणसाला दिलेलं असतं, आडनावाला नसतं, आणि गट सातच्या कुळाला तर नक्कीच दिलेलं नव्हतं. त्यापेक्षा बी वन फॉर्मची रंगीत प्रिंट आणि जुन्या, मैलाला सहा इंच मापाच्या ऑर्डनन्स म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशावर त्या घराचा चौकोन, एवढं फ्रेम करा.

तुमच्याकडून आत्ता दोन गोष्टी हव्यात. पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीतलं आईचं माहेरचं आडनाव, आणि फोटोच्या मागच्या बाजूचा स्कॅन, ६०० डीपीआयला, तिरका उजेड पाडून एक मोबाइलनं काढलेला फोटोही पाठवा कारण शाई गेली तरी निबाचा ओरखडा राहतो. "कॅरो"च्या पुढचं अक्षर मला एम वाटतंय, तुम्ही के म्हणताय, आणि त्या दोघांत बराच मेयो बसतो.